दहाची बारा घरं

माणूस नाकासमोर चालणारा होता हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून कुणीतरी म्हणणारच की असेल गबाळा, असेल कामचुकार. अजिबात नाही. चपला काढल्या तरी दोन्हींची टोकं एका रेषेत ठेवणारा माणूस तो. बायकोनं वाळत घातलेले कपडे हा मागून जाऊन लांबीप्रमाणे लावायचा आणि बोलणी खायचा. कचेरीत त्यांना सगळे 'रकाने' म्हणत. खरं आडनाव वेगळंच, पण ते हजेरीपटापुरतं. हे नाव ठेवलं कोठीबाईंनी. एकदा चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, "ह्यांना स्वप्नंसुद्धा रकान्यांत पडत असतील," आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

कोठीबाई म्हणजे बियांची कोठी सांभाळणाऱ्या बाई. तोंडानं फटकळ, हातानं चोख. आणि कोठी म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळाशी असलेली लांबट, उणे अठरा अंशांची खोली. आत चाळीस कपाटं. कपाटात दहा खण, खणात दहा घरं आणि घरात चांदीच्या रंगाचं एकेक पाकीट. चार हजार जातींचं बी तिथं झोपलेलं: घेवडे, वाटाणे, भोपळे, मिरच्या. कुणाच्या परसातले, कुणाच्या कुंपणावरचे. ज्या बागांतून ते आलं होतं त्यांतल्या निम्म्या आता बागा राहिल्या नव्हत्या. दारापाशी खुंट्यांवर चार जाड कोट असत आणि आत गेलेल्यानं दहा मिनिटांत बाहेर यायचं असा नियम होता. आणखी एक नियम होता, तो सगळ्यांना आवडायचा: ज्यानं बी दिलं त्यानं कधीही यावं, मूठभर परत मागावं, कोठीनं द्यावं.

तिसरा नियम मात्र विचित्र होता. पाकिटावर काही लिहायचं नाही. सुरुवातीला लिहीत असत, पण त्या थंडीत शाई उडून जायची आणि चिठ्ठ्या सुटून खणाच्या तळाशी गोळा व्हायच्या. मग एका सकाळी मोठ्या बाईंनी, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी, फर्मान काढलं की नाव पाकिटाला नाही, नाव जागेला. चौथं कपाट, सातवा खण, तिसरं घर, एवढे तीन आकडे म्हणजे त्या बियाचं नाव. बाकी सगळं यादीत. आणि यादी संगणकात. आणि संगणक म्हणजे रकाने.

वीस वर्षांपूर्वी तो प्रोग्रॅम लिहिला रकान्यांनीच. कपाट, खण, घर, अशा तीन आकड्यांनी नाव ठेवायची जी रचना असते तिला त्या धंद्यात ॲरे म्हणतात. रकान्यांना ती इतकी आवडायची की घरी बायकोलाही समजावून झाली होती. ती म्हणाली होती, "म्हणजे मसाल्याचा डबा." तिचंही काही चुकलं नव्हतं.

प्रोग्रॅम तयार झाला तेव्हा रकान्यांनी स्वतःच्या घरचंही एक बी आणलं. मावशीचा घेवडा. खरं म्हणजे आईचा. रकाने नऊ वर्षांचे असताना आई गेली आणि मावशीनं त्यांना आपल्याकडे नेलं. आईच्या घरातून तिनं दोनच गोष्टी उचलल्या, एक हा मुलगा आणि दुसरी घेवड्याची पिशवी. आईचा एकही फोटो धड नव्हता. आवाज तर केव्हाच विसरला होता. पण दरवर्षी मावशी परसात काठ्या रोवायची, वेल चढवायची, शेंगा वाळवायची आणि सोलताना न चुकता म्हणायची, "तुझ्या आईचं एवढंच उरलंय रे आपल्याकडे." गडद तांबूस दाणा, आणि डोळ्यापाशी नखाच्या चंद्रासारखी पांढरी रेघ. ती रेघ दुसऱ्या कुठल्याच घेवड्याला नव्हती असं मावशीचं म्हणणं. कोठीत त्याला जागा मिळाली चौथ्या कपाटात, सातव्या खणात, तिसऱ्या घरात. तो आकडा पाठ करून ठेवायची रकान्यांना कधी गरज वाटली नाही, कारण यादी होती.

आता मुद्द्यावर येतो. चार हजार घरं भरली. नवीन सातशे पाकिटं बाहेरच्या शीतपेटीत ताटकळत पडली. मग नवे खण आले, तेवढ्याच लांबीचे पण बारा घरांचे. कोठीबाईंनी आठवडाभर खपून जुन्या खणातली दहा पाकिटं नव्या खणातल्या पहिल्या दहा घरांत जशीच्या तशी ठेवली. शेवटची दोन घरं रिकामी. हातानं केलेलं काम ते, एक पाकीट इकडचं तिकडे झालं नाही. यादीतही दहाची बारा घरं करायची होती, आणि ते काम रकान्यांचं.

एका ओळीचं काम हो. आकार बदलायची सोय त्या प्रोग्रॅमच्या भाषेत तयारच असते: ॲरे द्यायचा, नवा आकार सांगायचा. रकान्यांनी दहाच्या जागी बारा लिहिलं. मग पडताळणी केली, कारण माणूस चोख. पहिलं कपाट, पहिला खण उघडला. दहाच्या दहा नावं जागच्या जागी. समाधानानं मान हलवली आणि पडदा बंद केला. अकराव्या आणि बाराव्या घराकडे पाहिलंच नाही. ती दोन घरं रिकामी दिसायला हवी होती आणि ती रिकामी नव्हती. पण माणूस जुनी नावं शाबूत आहेत का ते शोधत होता, त्याला जिथं काहीच नसायला हवं तिथं बघायचं सुचलं नाही. सुचायला हवं होतं. वीस वर्षं ह्याच कामात घालवलेल्या माणसाला नाही सुचणार तर कुणाला?

दुपारी कोठीबाईंनी नवी सातशे पाकिटं रिकाम्या घरांत लावायला घेतली आणि पहिल्याच नोंदीला फोन केला.

"अहो रकाने, हे विचारतंय की या घरात आधीच नाव आहे, बदलायचं का?"

"कुठल्या घरात?"

"अकराव्या. मला तर घर रिकामं दिसतंय."

रकाने तेव्हा दुसऱ्याच कसल्याशा कामात बुडाले होते. हा प्रोग्रॅम तसाही उठसूट प्रश्न विचारायचा. त्यांनीच तो तसा लिहिला होता, चूक होऊ नये म्हणून.

"नव्या खणांमुळे गोंधळलं असेल," ते म्हणाले. "हो म्हणा."

"सगळ्यांना विचारलं तर?"

"सगळ्यांना हो म्हणा."

कोठीबाईंनी चार दिवसांत सातशे वेळा हो म्हटलं.

चार महिन्यांनी वार्षिक सफाई झाली. ज्या बियांची उगवण तीनदा तपासून तीनदा शून्य आली त्यांच्यापुढे यादीत शून्य मांडलेलं असे. मेलेलं बी ते, जागा अडवायचं नुसतं. रकान्यांच्या प्रोग्रॅमनं अशा एकसष्ट जागांची यादी छापून दिली. कोठीबाईंनी एकसष्ट पाकिटं काढली, त्या घरांत लाल पट्ट्या ठेवल्या, मागच्या अंगणातल्या भट्टीत पाकिटं गेली. कागदावर खाली सही रकान्यांची.

त्यानंतर दहा महिने काहीच झालं नाही. कोठीतून बी मागायला येतंच कोण? वर्षाकाठी पाच-सात माणसं. आणि नेणाऱ्याला तरी कुठं कळतंय की आपण काय नेलं.

मग मावशीचा फोन आला. मावशी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तीन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून परसात काही लावलं नव्हतं. "आता बरंच चालता येतंय," ती म्हणाली. "काठ्या रोवून ठेवल्यात बघ. घरातला घेवडा संपला, तेव्हा तुझ्या थंडीतला मूठभर आण. पुन्हा काही माझ्याच्यानं होईल असं वाटत नाही, तेवढा एकदा वेल बघते."

रकान्यांना मनापासून आनंद झाला. यादीत पाहिलं: चौथं कपाट, पहिला खण, तिसरं घर. कोट चढवून स्वतः आत गेले, पाकीट काढलं, सही केली, आणि रविवारी मावशीकडे पोचतं केलं. तिनं बी ताटलीत ओतलं. गडद तांबूस दाणे. चष्मा वर करून, एक दाणा उजेडाकडे धरून तिनं पाहिलं.

"हा नाही."

"मावशी, यादीत तुझंच नाव आहे."

"यादीत असेल. रेघ कुठाय?"

रकान्यांनी पाहिलं. रेघ नव्हती. एकाही दाण्याला नव्हती. म्हातारपणी नजर अधू होते, रेघ थंडीनं गेली असेल, असलं काहीबाही ते बोलले. "मी उद्या बघतो," म्हणून ते उठले. जेवायलासुद्धा थांबले नाहीत.

सोमवारी सकाळी त्यांनी यादी उघडली आणि ह्या वेळी दुसरा खण पाहिला. पुढचं समजायला त्यांना पाच मिनिटं पुरली. खरं तर नवशिक्यांना पहिल्या महिन्यात शिकवतात ते. यंत्राच्या डोक्यात कपाटं नसतात, खण नसतात. तिथं चार हजार नावांची एकच लांबलचक रांग असते, आणि आपण सांगितलेलं असतं की दर दहावर वळ. रकान्यांनी सांगितलं होतं, बारावर वळ. झालं, रांग बारावर वळली. पहिल्या खणात दुसऱ्या खणाची दोन नावं येऊन बसली, दुसऱ्यात तिसऱ्याची चार, आणि घसरत घसरत सगळी यादी आपल्या पाकिटांपासून सुटली. शेवटी रांग संपून घरं उरली, तिथं यंत्रानं पुन्हा पहिल्यापासून नावं भरली, म्हणून कुठे रिकामं दिसलं नाही. आणि अकराव्या-बाराव्या घरांत जाऊन बसलेली सहाशेवर नावं तर कोठीबाईंनी पुसून टाकली होती. हो म्हणून. कुणाच्या सांगण्यावरून, ते रकान्यांना आठवलं. दुसऱ्या यंत्रावर एक प्रत असायची, तीही दर आठवड्याला नव्या प्रतीखाली गाडली गेली होती.

पण मग त्यांनी कागद ओढला. घसरली असेल, पण हिशेबानं घसरली होती. उलट मोजत गेलं तर ज्यांची नावं उरलीत त्यांची खरी जागा निघते. मावशीचं नाव यादीत होतं, पुसलं गेलं नव्हतं. रांगेत ते तीनशे त्रेसष्टावं. दहानं वळवलं तर चौथं कपाट, सातवा खण, तिसरं घर. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा बोटांवर मोजलं. जीव भांड्यात पडला. बी कुठेही गेलेलं नव्हतं. चुकलं होतं ते कागदावर, कोठीबाईंच्या हातानं तर सगळं जागच्या जागी ठेवलं होतं.

कोटाची बटणंही न लावता ते आत गेले. चौथं कपाट. सातवा खण ओढला. पहिलं घर, दुसरं घर. तिसऱ्या घरात लाल पट्टी होती.

दहा मिनिटांच्या वर ते आत राहिले तेव्हा कोठीबाई दार उघडून ओरडल्या, "अहो, गोठायचंय का?" आणि त्यांचं तोंड बघून आत शिरल्या. त्यांनीच हाताला धरून बाहेर आणलं. सफाईचा कागद दोघांनी मिळून काढला. एकसष्ट ओळी, त्यातली सोळावी: चार, सात, तीन. त्या जागेवर घसरलेल्या यादीनं एका दुसऱ्याच घेवड्याचं नाव लिहिलं होतं, आणि त्या नावापुढे शून्य होतं. खाली रकान्यांची सही, रेषेत, कुठेही न हललेली.

"मी तेव्हा तुम्हाला विचारलं होतं," कोठीबाई हळूच म्हणाल्या. मग त्यांनाच वाईट वाटलं आणि त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

मोठ्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, यादी दुरुस्त करा, पुसलेली नावं दात्यांना विचारून जुळतात का बघा, आणि अहवाल लिहा. एकसष्टांतली बहुतेक सगळी जिवंत होती ना, असंही त्यांनी विचारलं. रकाने निघाले तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या मावशींना त्यासारखाच एखादा घेवडा द्या हवं तर. आहेत आपल्याकडे." त्यांनी चांगल्या मनानंच म्हटलं होतं. रकान्यांनी मान डोलावली आणि जाताना एकदा पाचव्या कपाटाशी थांबले. हिशेबानं त्या मेलेल्या घेवड्याची खरी जागा तिथं होती, चौथ्या खणात, पाचव्या घरात. होतं. पाकीट जसंच्या तसं, बर्फाचा कण नाही, घडी मोडलेली नाही. त्यांनी ते हातात घेतलं आणि परत ठेवलं.

ते दोन रविवार मावशीकडे गेलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी गेले. परसात काठ्यांची रांग उभी होती, वरून आडवी सुतळी बांधलेली, खाली माती भुसभुशीत करून ठेवलेली. मावशीनं काही विचारायच्या आत ते म्हणाले, "मावशी, ते गेलं." आणि मग तिनं "कसं गेलं?" विचारलं तेव्हा त्यांना दुसरं काही सुचेना, त्यांनी फडताळातले डबे काढले. टेबलावर दहा वाटाणे एका ओळीत मांडले. खाली दहा शेंगदाणे. त्याखाली दहा हरभरे.

"हे तीन खण. आता यंत्राला मी सांगितलं, बारावर वळ." त्यांनी दोन शेंगदाणे उचलून वाटाण्यांच्या शेजारी ठेवले. चार हरभरे शेंगदाण्यांच्या ओळीत. तरीही ओळ सरळ येत होती.

मावशी ओळींवर वाकली. शाळा चौथीपर्यंतची, पण डोकं तल्लख. "वाटाण्यांची ओळ पहिल्यासारखीच दिसते की," ती म्हणाली.

"तेवढीच बघितली मी."

"पण हे दोन शेंगदाणे बाहेर आलेत, ते?"

"ते नाही बघितले."

"यंत्रानं विचारलं नाही?"

"विचारलं. मी म्हटलं, हो म्हणा."

मावशीनं एक हरभरा बोटानं मागे सरकवला, पुन्हा पुढे आणला. "म्हणजे माझा घेवडा मेल्यात धरला."

"हो."

"आणि जाळला."

"हो."

"आणि मेलेला होता, तो?"

"तो आहे," रकाने म्हणाले. "चांगला थंडीत आहे."

टेबलावरचे दाणे तिनं वेगवेगळे करून आपापल्या डब्यांत टाकले, झाकणं लावली. रकान्यांना वाटत होतं तिनं बोलावं, चार शिव्या द्याव्यात, लहानपणी देत असे तशी पाठीत एक थाप द्यावी. आईचं उरलेलं एवढंसं काहीतरी एका बाईनं पंचेचाळीस वर्षं जपलं आणि आपण ते एका ओळीत संपवलं, हे कुणीतरी मोठ्यानं म्हणावं असं त्यांना फार वाटत होतं.

"घरातलं थोडं तरी असेल गं," ते म्हणाले. "एखाद्या डब्याच्या तळाशी. चार दाणे असले तरी..."

"नाही." मावशी डबे फडताळात लावत होती, तिची पाठ होती त्यांच्याकडे. "माझ्या गुडघ्याचं झालं तेव्हा तू म्हणालास, घरी ठेवू नकोस, किडे लागतील, तिकडे शंभर वर्षं राहतो. पाऊण डबा होता. टाकवेना. म्हणून शिजवला. रविवार होता, तू आला होतास."

रकान्यांना तो रविवार आठवला. टेबल हेच, खुर्ची हीच. काहीतरी कचेरीतलं बोलत ते जेवले होते.

"दोनदा वाढून घेतलंस," मावशी म्हणाली.

चव आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. आठवली नाही.

"जाताना तेवढ्या काठ्या काढून ठेव," ती म्हणाली. "वरच्या सुतळीला माझा हात पुरत नाही."

ते परसात गेले. बांधताना तिनं स्टुलावर चढून बांधली असणार, प्रत्येक काठीला दोन-दोन गाठी, आणि दवानं त्या आवळून बसल्या होत्या. नखानं एकही सुटेना. आतून मावशी म्हणाली, कापून टाक, विळी देऊ का. रकाने नको म्हणाले आणि पहिल्या काठीपासून एकेक गाठ सोडवत बसले.